झाकण बंद केलंस का रे?

सरांच्या वर्तकनगरच्या घरातली पुढची खोली हेच आमचं ऑफिस. सर वारल्यावरही त्यांच्या पत्नीने, काकूंनी, ती आमच्याकडे राहू दिली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या, तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मला सरांनी कामावर ठेवून घेतलं होतं. त्यांनीच लिहिलेला प्रोग्रॅम काढून नवा लिहायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा हात चालेना.

सरांनी एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा बनवली होती. डोंबिवलीतला एक रंगांचा कारखाना तिच्यावर आपल्या रंग तापवून ढवळायच्या टाक्या चालवायचा. टाक्या वाढल्या, तशी ती मागे पडू लागली. वेग वाढला नाही तर बाजारातली तयार सिस्टीम घेऊ, असं तिथल्या मॅनेजरनी सांगितलं. तसं झालं असतं तर सरांची भाषा संपली असती, कारण दुसरं कुणी ती वापरत नव्हतं.

अडचण होती भाषेच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एकेक सूचना वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. ते स्टॅकवर चालायचं. स्टॅक म्हणजे काय, हे सरांनी मला सोसायटीच्या हॉलमध्ये एकावर एक रचलेल्या खुर्च्या दाखवून शिकवलं होतं. शेवटी ठेवलेली आधी उचलायची. पण साध्या बेरजेलाही दोन आकडे ढिगावर ठेवा, उचला, उत्तर परत ठेवा, यात वेळ जायचा. मी स्टॅकऐवजी रजिस्टरं वापरायचं ठरवलं. जिन्याखालच्या टपालपेट्यांसारख्या नंबर घातलेल्या जागा, उचलठेव नाही.

जुनं आणि नवं मशीन शेजारी शेजारी चालवून पाहिलं. आकडे जुळले, वेगही मिळाला. पण काम संपल्यावर नव्या मशीनच्या पडद्यावर एक ओळ आली : झाकण बंद केलंस का रे?

हा प्रश्न सरांनीच प्रोग्रॅममध्ये घातलेला. टाकी सुरू करण्याआधी तो विचारला जायचा, त्यांच्याच बोलण्याच्या ढंगात. शेवटी तो यायचं काही कारण नव्हतं.

"सर कुठे गेलेत? आत बसलेत की," माझी ठाकुर्लीची सहकारी म्हणाली आणि दाराकडे वळली. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"हे आत्ता विचारलं यांनी?"

मी म्हटलं, नाही काकू, माझी चूक आहे. चूक सापडलीही होती. काम संपताना जे फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, चालायचं, ते काहीच उत्तर परत देत नसे. तेव्हा त्याच्या जागेत 'काही नाही' असं मुद्दाम लिहायला हवं होतं. मी ते लिहिलं नव्हतं, म्हणून सुरुवातीचा प्रश्न त्या पेटीत पडून होता आणि शेवटी तोच पडद्यावर आला. ढिगावरून उचललेली खुर्ची गेलेली असते. पेटीतलं मात्र कुणी काढेपर्यंत तसंच राहतं. खाली सरांच्या नावाचं टपाल अजून येत होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी करत नव्हतो. दुसऱ्या चाचण्या लावायचो, आणि प्रत्येकीच्या शेवटी सर विचारायचे. त्या सुमाराला काकू भाजी निवडायला आमच्या खोलीत येऊन बसू लागल्या. पडद्याकडे बघायच्या नाहीत. चाचणी संपत आली आणि आम्ही बोलायचं थांबलो की त्यांचे हातही थांबायचे.

शेवटी सहकारीच म्हणाली, "हे असंच पाठवलंस तर कारखान्यातला माणूस खात्री करायला गरम टाकीचं झाकण उघडून बघेल."

मी काकूंना ते सांगितलं. त्यांनी निवडलेली मेथी बाजूला केली.

"मग काढून टाक बाबा. कुणाचा हात भाजला तर हे तुला ओरडले असते."

त्यांच्या समोरच मी ती दुरुस्तीची ओळ लिहिली.

कारखान्यात नवं मशीन लावलं तेव्हा प्रश्न सुरुवातीला आला. ऑपरेटरने झाकण पाहिलं, 'हो'चं बटण दाबलं. सगळ्या टाक्या न रखडता चालल्या. मॅनेजरनी मान डोलावली आणि हेच चालू ठेवू म्हणाले. काम संपलं. पडदा कोरा झाला.

मी कोऱ्या पडद्याकडे बघत तिथेच उभा होतो.

"साहेब, झालं ना?" ऑपरेटरने विचारलं.

टाकीच्या झाकणाकडे एकदा बघून मी हो म्हणालो.