अप गोम्बोचं वर्ष

भूतानातल्या सामखा गावात अप गोम्बोइतका नेमबाज दुसरा नव्हता, आणि साठी ओलांडलेल्यांच्या सामन्याला न चुकता दांडी मारणाराही दुसरा नव्हता. सफरचंदं उतरवून झाली की खोऱ्यातली गावं या सामन्यासाठी नदीकाठच्या मैदानात जमतात. घरामागच्या शेतात हा गडी बांबूच्या धनुष्यानं इतक्या लांबून फळीत बाण रुतवायचा की बघणाऱ्याला फळी धड दिसायचीही नाही. पण सामन्याचा निरोप आला की अप गोम्बो बागेत. "झाडांना चुना लावायचा राहिलाय," म्हणायचा. झाडं पांढरीफटक झाली, नदीपलीकडच्या त्सेलुंगकडून गाव वर्षामागून वर्षं हरत राहिलं, तरी याचा चुना काही संपेना.

कुणी म्हणे, भाव खातो. कुणी म्हणे, घाबरतो. घाबरत होता हे खरंच होतं. पण बाणाला नाही, झेरॉक्सला.

त्याचं असं आहे. आमच्याकडे सामना नुसत्या धनुष्यानं कुणी जिंकत नाही. प्रत्येक संघाचा आपला ज्योतिषी असतो. समोरचा गडी बारा जनावरांच्या वर्षांपैकी कुठल्या वर्षी जन्मला, उंदराच्या, बैलाच्या, वाघाच्या की सशाच्या, हे एकदा या ज्योतिष्याला कळलं की तो पहाटेच कामाला लागतो. धूप कुठल्या दिशेला जाळायचा, आपला कुठला माणूस त्याच्यासमोर उभा करायचा, कुठल्या घटकेला त्याचा हात लटपटेल, सगळं मांडून मोकळा. म्हणून जन्मवर्ष म्हणजे आमच्या नेमबाजांचं गुपित. सामखाकर काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, तेही त्सेलुंगच्या म्हाताऱ्यांची वर्षं हुंगत फिरायचे.

आणि सामन्यात नाव घालायचं तर साठी ओलांडल्याचा पुरावा हवा, म्हणजे ओळखपत्राची झेरॉक्स. त्यावर जन्मतारीख, फोटो, घर क्रमांक, सगळं.

अप दोफू हा गोम्बोचा जिवाभावाचा मित्र; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे अप म्हणतात, बाईला औम. त्यानं ती झेरॉक्स दिली होती. सामन्याच्या दिवशी त्सेलुंगच्या बायका ओळ धरून नाचत गायला लागल्या, "बैलोबा, बैलोबा, नांगर कुठं टाकला? शिंगं लपवून मैदानात कशाला आला?" दोफूचा चेहरा पडला. त्याचं वर्ष बैलाचंच. दिवसभर त्याचा एक बाण फळीला शिवला नाही. ग्रहांनी केलं की गाण्यानं केलं, देव जाणे. नंतर आठवड्याच्या बाजारात त्यानं डोमा, म्हणजे आमचा सुपारी-चुन्याचा विडा, घेतला, पानाची पुडी उलगडली, तर कागदावर तो स्वतःच! तोच फोटो, तीच तारीख, आणि नाकावर चुन्याचा ठिपका. कुठल्या टेबलावरून कुठल्या रद्दीत गेला होता, कोण सांगणार?

त्या दिवसापासून दोफूनं धनुष्य, नेम लागल्याच्या जुन्या पट्ट्यासकट, गोठ्याच्या आढ्याला टांगलं. "चारचौघांत कुणी अंगावरचा घो ओढून काढावा ना गोम्बो, तसं वाटलं रे," एवढंच तो बोलला होता. गोम्बोला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता यात आणखी एक मेख होती. त्सेलुंगचा ज्योतिषी अप ल्हातू हा गोम्बोचा सख्खा मेहुणा. गोम्बोची बायको औम ग्येम त्सेलुंगची. दोघं पळून आली होती, त्यामुळे लग्नाआधी वर्षं जुळवायला कुणी बसलंच नव्हतं, आणि ल्हातूच्या हातून ती संधी कायमची गेली होती. तरी तो आशा सोडणाऱ्यातला नव्हता. सफरचंदांच्या दिवसांत वाळलेल्या चीजची माळ घेऊन हजर.

"ताई, दाजींचा वाढदिवस कधी असतो गं? काहीतरी आणावं म्हणतो."

"इतक्या वर्षांत या माळेशिवाय चिमूटभर मीठ आणलं नाहीस, आता वाढदिवस आठवला?" औम ग्येम चुलीवरची मिरच्यांची भाजी ढवळत म्हणायची.

मग तो गोम्बोकडे वळायचा. "दाजी, तो मोठा पूर आला तेव्हा तुम्ही चालायला लागला होता का हो?"

"चालायला? मी पोहत होतो."

"ताई, तू तरी सांग. तू आमचीच ना?"

"माहेर तुमचं, पण तोंड माझं," ती म्हणायची. "चहा घे आणि नीघ."

यंदा मात्र खोऱ्याच्या कचेरीतून निरोप आला की झेरॉक्स बंद, पुरावा फोनमधून द्यायचा. अप गोम्बोनं ऐकलं आणि चुन्याची बादली उचलली.

"म्हणजे आता फोनमधून जाणार सगळं. पुडी बांधायला कागदाचाही खर्च नाही!"

औम ग्येम रविवारच्या बाजारात लोणी-चीज विकते. फोनवर पैसे घेते, फोनवरच थिंफूच्या गिऱ्हाइकांशी भांडते. तिनं नवऱ्याच्या हातातली बादली काढून घेतली. "आधी ऐका. ओळखपत्र तुमच्या फोनात बसतं, तुमच्याजवळ. कुणाला काही हवं असेल तर आधी फोन तुम्हाला विचारतो, हे मागतायत, देऊ का? तुम्ही म्हणाल तेवढंच जातं."

"आणि जन्मतारीख?"

"त्यांना तारीख कशाला? साठ झाली का, एवढंच हवंय. उत्तर हो नाहीतर नाही."

"नुसतं हो?"

"नुसतं हो."

अप गोम्बो बादलीकडे बघत उभा राहिला. मग आत गेला, आणि बाहेर आला तो धनुष्याची दोरी तपासतच.

नाव नोंदवायला तो दोफूला बरोबर घेऊन गेला, बळेबळे. टेबलामागच्या मुलीनं ठिपक्यांची चौकट पुढे केली, औम ग्येमनं नवऱ्याचा फोन त्या चौकटीवर धरून त्याच्या हातात दिला. पडद्यावर दोन प्रश्न आले. वय साठच्या वर आहे, एवढं कळवू? या खोऱ्याचा रहिवासी आहे, एवढं कळवू? खाली दोन बटणं होती, एक होकाराचं, एक नकाराचं.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तारीख कुठेच नव्हती.

"हे नकाराचं दाबलं तर?"

"तर काही जाणार नाही," मुलगी म्हणाली.

त्यानं लगेच नकार दाबला.

"अहो!" औम ग्येम ओरडली.

"अप, माझ्याकडे काहीच आलं नाही," मुलगी गोंधळून म्हणाली.

"काहीच नाही? नावसुद्धा?"

"काहीच नाही."

अप गोम्बो असा हसला की रांगेतले म्हातारे माना वर करून बघायला लागले. आयुष्यभर कचेऱ्यांमधून त्यानं मागतील ते काढून दिलं होतं. आपण नाही म्हणावं आणि ते खरंच नाही व्हावं, हे सुख त्याला पहिल्यांदाच मिळत होतं. "पुन्हा दाखव ती चौकट," तो म्हणाला, आणि या वेळी होकार दाबला. मुलीच्या पडद्यावर दोन हिरव्या खुणा उमटल्या. दोफूनं टेबलावर पार वाकून त्या पाहिल्या, त्यांच्या मागे काही लपलंय का तेही पाहिलं. मग खिशातून डोमा काढून मित्रापुढे धरला.

त्या दिवसापासून अप गोम्बो घरी टिकला नाही. सकाळी बाण, दुपारी बाण, भात तयार आहे म्हणून औम ग्येमनं हाका मारून घसा बसवून घ्यावा. त्सेलुंगमध्ये वेगळीच पळापळ. गोम्बो उतरतोय, आणि त्याचं वर्ष माहीत नाही! अप ल्हातू टेबलामागच्या मुलीकडे लोणी घेऊन गेला. ती म्हणाली, "अप, तुम्ही म्हैस आणलीत तरी माझ्याकडे ते नाहीच."

सामन्याच्या दिवशी मैदान फुलून गेलं होतं. ज्योतिष्याला वर्ष सापडलं नाही म्हणून त्सेलुंगच्या बायकांनी सगळ्याच जनावरांचं गाणं बांधलं होतं. गोम्बो पुढे आला की सुरू, "उंदीर म्हणावं तर पोट मोठं, घोडा म्हणावं तर गुडघा खोटा, कोंबडा म्हणावं तर आरवेना, हे जनावर काही ओळखेना!" अख्खं मैदान हसलं, गोम्बोही हसला, आणि पहिलाच बाण फळीत. सामखाचे म्हातारे दोन्ही हात वर करून गोल नाचले, रंगीत पट्टा त्याच्या कमरेला बांधला. पट्ट्यावर पट्टे चढत गेले. पण त्सेलुंगही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते, तेही चढत गेले. ऊन कलायला आलं तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या आणि शेवटचा बाण गोम्बोच्या हातात होता. लागला तर सामखाचा विजय, हुकला तर पुन्हा त्सेलुंगची पाळी.

आता त्सेलुंगवाल्यांनी उठवला कल्लोळ. "उंदीर! बैल! ड्रॅगन! माकड!" फळीजवळचे तिकडून ओरडतायत, इकडचे त्याच्या कानाशी. तो कुठल्या नावाला दचकतो, ते ल्हातू दोन हातांवरून डोळ्यांत तेल घालून बघतोय. गोम्बो दचकेना. ल्हातू घामाघूम झाला, चिडला, थकला. शेवटी त्याचे हातच गळाले.

"दाजी," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सांगा ना हो. कुठलं वर्ष तुमचं?"

आजूबाजूचा गलका जरा उतरला. गोम्बोनं धनुष्य खाली केलं आणि मेहुण्याकडे वळून बघितलं. इतकी वर्षं यानं चीज आणलं होतं, पूर आणला होता, बायकोचं माहेर मधे घातलं होतं, मित्राला झेरॉक्सच्या कागदावरून वाचलं होतं. सरळ विचारलं मात्र आज.

"विचारलंस?" गोम्बो म्हणाला.

"विचारलं."

"मग सांगतो."

"गोम्बो, वेडा झालास का!" सामखाचे म्हातारे एका सुरात किंचाळले. औम ग्येमनं कपाळाला हात लावला. एक दोफू तेवढा गर्दीतून निघाला. तो पुढे येऊन गोम्बोच्या शेजारी उभा राहिला.

गोम्बोनं बाण दोरीला लावला, श्वास घेतला आणि दोरी गालापर्यंत ओढली. छाती इतकी भरून आली होती की बांबू हलका वाटत होता. आता भीती कसली? आपलं होतं, आपल्याजवळ होतं, आणि आपण देत होतो.

"ससा!" तो साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला. "सशाच्या वर्षाचा मी! मांड आता गणित!"

आणि बाण सोडला.

ल्हातूनं घाईघाईनं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. लांबून फळीचा ठक्क असा आवाज आला, पलीकडचे सामखाकर हात वर करून नाचायला लागले. बायकांमधून औम ग्येमची आरोळी सगळ्यांच्या वर ऐकू आली, माहेरच्यांच्या अगदी तोंडावर. दोफूनं आपल्या कमरेचा जुना पट्टा सोडला, गोठ्यात धुरकटलेला, आणि गोम्बोच्या कमरेला बांधता बांधता त्याला गाठ दिसेना, इतके डोळे भरून आले होते.

"पुढच्या वर्षी नकार दाबायची पाळी माझी," तो म्हणाला.

अप ल्हातू अजून पेरंच मोजत होता.