कारखान्याच्या टपालावरचा पहारा

कुडाळच्या एमआयडीसीतल्या काजूच्या कारखान्यात कार्मेलिनाबाय अकरा वर्षं टपाल सांभाळत होत्या. आधी कागदी, मग फॅक्सचं, आणि दोन हजार तीनपासून ईमेलचं. बाई मुळात भित्र्या नव्हेत. मालवणहून येताना एसटीत जागेवरून कंडक्टरशी हमरीतुमरीवर येणारी बाई भित्री कशी असेल? पण पुढच्या एप्रिलात त्यांनाही भीतीने धरलं.

झालं होतं ते एवढंच. त्यांचे घरवाले अ‍ॅलन जहाजावर फिटर. बंदर लागलं की कुठल्यातरी सायबर कॅफेतून बायकोच्या ऑफिसच्या पत्त्यावर चार ओळी टाकायचे. घरी कसला आलाय कॉम्प्युटर! दोन महिने त्यांचं काहीच आलं नव्हतं. एका सकाळी अ‍ॅलनच्या नावाने मेल आला, सोबत एक फाइल. बाईंनी घाईघाईने उघडली. आत काहीच नव्हतं. तासाभरात कारखान्याच्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांकडे व्हायरसचे मेल, नुसता कचरा, जायला लागला, आणि परदेशातल्या सगळ्यात जुन्या व्यापाऱ्याने कळवलं की तुमचं टपाल आम्ही बंद केलं आहे.

मालक सुदेशशेठांचा पारा चढला. "कोणी उघडल्यान ता माका कळाक होया. ज्यान उघडल्यान तेका मी घराक धाडतलंय."

आपणच उघडली हे बाईंनी सांगितलं नाही. मुलगी ग्लेनिशा बारावीला, अ‍ॅलनचा करार संपत आलेला. पुढचं जहाज मिळेपर्यंत घर त्यांच्याच नोकरीवर चालायचं होतं. वर शेठांनी त्यांनाच हाक मारली. "बाय, सर्व्हरसाठी अँटिव्हायरस खंयचो घेवचो ता तुमीच ठरवा. दुसऱ्या कोणावर माझो विश्वास नाय."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा स्वरूप दोन सीडी घेऊन आला. पहिली साधी, नवीन येणारं टपाल तेवढं तपासणारी, तेही माहीत असलेल्याच व्हायरससाठी. दुसरी कडक. "ही सगळा सर्व्हर उकरते, मॅडम," तो म्हणाला. "व्हायरस कुठल्या मशीनवर आधी शिरला, तारखेसकट कागदावर येतं."

"आणि मेल पुसला असेल तर?"

"पुसला तरी बॅकअपमध्ये असतोच."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तो मेल त्यांनी त्याच दिवशी पुसला होता. पहिली सीडी घेतली तर कुणाला काही कळणार नव्हतं, आणि शेठ 'बरं' म्हणणार होते. तीन दिवस त्या पहिलीच घ्यायची म्हणून ऑफिसात येत होत्या आणि काही न ठरवता घरी जात होत्या. चौथ्या दिवशी पुन्हा कचरा गेला. पॅकिंगमधली सुभद्रा दारात येऊन म्हणाली, "बाये, माल घेवक कोण नाय म्हणतत. आमचा काम बंद होतला काय?" आत चाळीस बायका काजू निवडत होत्या. बाईंनी स्वरूपला दुसरी सीडी लावून बघायला सांगितली.

शनिवारी दुपारी त्याने छापलेला कागद त्यांच्या हाती दिला आणि तो निघून गेला. बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि कागद वाचला. दुसऱ्या ओळीत त्यांचं मशीन होतं, चौदा एप्रिल. पहिल्या ओळीत बारा एप्रिल, शेठांच्या केबिनमधलं मशीन. अ‍ॅलननी नाताळाच्या शुभेच्छा शेठांनाही पाठवल्या होत्या. व्हायरसने त्यांचं नाव तिथूनच उचललं होतं.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट आता जास्तच अवघड झालं. मालकाला त्याचीच चोरी दाखवायची कशी? तरी त्या आत गेल्या आणि कागद टेबलावर ठेवला.

शेठांनी दोनदा वाचला. "ह्यो कागद आणखी कोणी बघल्यान?"

"मी. आणि स्वरूपान."

शेठांनी उठून दार लावून घेतलं. "बाय, ती पयलीच सीडी घेवया. ही काढून टाकूक सांगा."

"शेठ, ती सगळा धरणा नाय. परत येतला."

"येवंदे," शेठ हळूच म्हणाले. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

सोमवारी पहिली सीडी लागली. नोकरी वाचली, दोघांचीही अब्रू वाचली. गुरुवारी दुपारी अ‍ॅलनच्या नावाने मेल आला, सोबत एक फाइल. बाईंचा हात माउसवर गेला आणि तिथेच राहिला. हा मेल खरंच अ‍ॅलनचा आहे की नाही, हे खात्रीने सांगणारं ऑफिसात आता काहीच नव्हतं. सहाची मालवण गाडी निघून गेली तरी त्या नवऱ्याच्या नावाकडे बघत बसून होत्या.