तोंड बदलणाऱ्या मोहरा

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. उरलेल्या वेळात प्रबंध लिहायचा. विषय होता दख्खनमध्ये सापडणारी रोमन नाणी. पण खरं रोमन नाणं मी तोवर दोनदाच हातात घेतलं होतं, तेही प्राध्यापक समोर उभे असताना. बाकी सगळा अभ्यास फोटोंवरून.

भवानी पेठेत मी आणि आई दोन खोल्यांत राहत होतो. एक धनगरीण अधूनमधून तूप घेऊन यायची. वयाने आईएवढी, तोंडाने फटकळ. त्या दुपारी ती आली ती तुपाशिवाय. आत आली आणि स्वतःच दाराला कडी घातली.

"बाई, तुमी शिकलेल्या हाय. एवढं बघा की."

कमरेच्या गाठीतून तिने जमिनीवर नऊ मोहरा ओतल्या. सोन्याच्या.

वैरागच्या बाजूला एका शेतात खतासाठी त्यांची मेंढरं बसवली होती. कळपाभोवतीच्या जाळीची मेख ठोकताना मडकं फुटलं आणि ह्या निघाल्या. पण तिला सोन्याचं काही वाटत नव्हतं. ती घाबरली होती वेगळ्याच गोष्टीला.

"रोज एक काडून बगते. काल दाडीवाला हुता, आज बिनदाडीचा. तोंड बदलतंय, बाई. मडकं फुटल्यापासनं तीन कोकरं मेली. फेकायला भ्या वाटतं, ठेवायला बी."

मी भिंग घेऊन खाली बसले. एकेक मोहर उलटीपालटी करून रांगा लावल्या. चार मोहरांवर बिनदाढीचा तरुण, तीन मोहरांवर दाढीवाला प्रौढ. मागच्या बाजूला कुठे तराजू धरलेली बाई, कुठे ढाल घेतलेली. कडेची अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की माणूस एकच आहे. तरुण होता तेव्हा युवराज, पुढे सम्राट झाला. पदवी बदलली, तशी चेहऱ्यावर दाढी आली. उरलेल्या दोन मोहरा मात्र निराळ्या होत्या. चेहरा तसाच, पण अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा. ज्याला ती लिपी येत नव्हती अशा कुणा इकडच्या कारागिराने पाहून पाहून केलेल्या. आणि नऊही मोहरांवर राजाच्या गालावर छिन्नीचा एकेक घाव होता.

मी तिला रांगा दाखवल्या. "मावशी, तोंड बदलत नाही. ह्या वेगवेगळ्या मोहरा आहेत. हा तरुणपणी, हा मोठेपणी."

तिने रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे वय झालंया त्याचं." आणि भिंतीला टेकून तिने डोळे मिटले.

तिची भीती उतरली, पण माझी तिथूनच सुरू झाली. जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवायला हवं, नाहीतर गुन्हा, हे मला ठाऊक होतं. तिला सांगितलं तर ती ताडकन उठली. "पोलीस? कुटं चोरी झाली की आमचंच पाल धुंडाळत्यात. मालकाला एकदा लई मारलंय." तिला पटवायला संध्याकाळ झाली. मोहरा आमच्या तांदळाच्या डब्यात ठेवून ती पाहुण्यांकडे मुक्कामाला गेली. त्या रात्री मी आणि आई, दोघीही झोपलो नाही.

सकाळी मावशी आणि मी मोहरा घेऊन कलेक्टर कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी सराफाला बोलावलं. त्याने मोहरा कसोटीवर घासल्या आणि त्या दोन बाजूला काढल्या. "साहेब, ह्यांचं सोनं हलकं आहे. ठसाही गावठी. ह्या आजकालच्या."

साहेबांचा आवाज बदलला. "खऱ्या दोन कुठे गेल्या? काल रात्री हा माल कुणाकडे होता?"

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "माज्यापाशी. कमरेला. बाईंनी नुसत्या बगितल्या."

मला ती वाचवत होती. आणि मी गप्प राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. डोळ्यांपुढे नोकरी, आई, शाळेतल्या मोठ्या बाईंचा चेहरा असं सगळं येत होतं. साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि तिच्या नवऱ्याला आणायला सांगितलं. तेव्हा ती खाली बसली.

"रात्री मोहरा माझ्या घरी होत्या," मी म्हणाले. "आणि त्या दोन नव्या नाहीत. भिंगातून बघा."

मी दाखवलं. गालावरच्या घावात पांढरा चुना दगडासारखा घट्ट बसला होता. बाकीच्या सात मोहरांत जसा, तसाच ह्या दोन्हींत, त्या रेघांच्या अक्षरांतही. असा थर मातीत शेकडो वर्षांनी धरतो, घरात घासून येत नाही. घावही सारखाच, एकाच छिन्नीचा. म्हणजे पुरण्याआधी नऊही मोहरा एकाच हातातून गेल्या होत्या.

साहेबांनी भिंग घेऊन नऊही मोहरा पाहिल्या. "तज्ज्ञांना लिहितो. उत्तर येईपर्यंत दोघींनी जिल्हा सोडायचा नाही."

मावशीचा नवरा त्या दिवशी वाचला, पण पुढचे दीड महिने मी जगले ते कान दाराकडे लावून. वर्गात शिपाई चिठ्ठी घेऊन आला की मी वाक्य अर्ध्यावर सोडायचे. एकदा तर पोस्टमनने शेजारच्या साळ्यांच्या दारात हाक दिली आणि मी आतून दाराला कडी घातली. आई म्हणायची, "तू खरं बोललीस ना?" मी हो म्हणायचे. उशिरा बोलले, हे तिला कधी सांगितलं नाही.

शेवटी कचेरीतून बोलावणं आलं. तज्ज्ञांनी लिहिलं होतं, की दोन्ही नाणी जुनीच, स्थानिक नकला. मूळ नाण्यांइतकीच महत्त्वाची. साहेब हसले आणि चहा मागवला. मला तो पिता आला नाही.

मावशीला सांगायला मी जेऊरला गेले, कळप तिकडे गेला होता. स्टेशनपासून चालत पालापर्यंत पोचले. तिने सगळं ऐकलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"मावशी, मी तेव्हा लगेच बोलायला हवं होतं."

"बोललासा की." ती मेंढीच्या पायातला काटा काढत होती, वर पाहिलं नाही. "पर बाई, आता तुमच्या दारात मी यायची न्हाय. राग न्हाय. ती पेठ बगितली की कचेरी आटवतीया."

तिने मला ताकाचा तांब्या दिला. मी तो उभ्यानेच प्यायले आणि परत स्टेशनची वाट धरली. प्रबंधात त्या दोन मोहरांसाठी मी वेगळा वर्ग केला. मावशी मात्र आमच्या घरी पुन्हा आली नाही.