धनेशला विचार

पळस्प्याच्या गोदामातल्या नेटवर्कची नाडी चौदा वर्षं धनेश ठाकूरच्या हातात होती. कुठली वायर कुठल्या कॅमेऱ्याला, कुठली वजनकाट्याला, सगळं तोंडपाठ. सगळ्या वायरी ज्या डब्यात येऊन जोडल्या जायच्या, त्या स्विचच्या प्रत्येक पोर्टला, म्हणजे खाचेला, नाव देता यायचं. सतरा नंबरची वायर कुठेतरी फिरून परत स्विचमध्येच यायची आणि अख्खं गोदाम ठप्प व्हायचं. ते फक्त धनेशलाच सोडवता यायचं, म्हणून त्याने त्या पोर्टला नावच दिलं होतं, ‘धनेशला विचार’.

आज नवा स्विच आला. धनेशने फक्त वायरी खोचल्या. बाकीचं आतल्या सॉफ्टवेअरने आपलं आपण केलं. पुण्याच्या ऑफिसातून सेटिंग ओढून घेतली, सतरावरचा फेरा ओळखून तोडला. सहा मिनिटांत! धनेश पाना धरून नुसता उभा. मेल्या स्विचने एक शंका म्हणून विचारली नाही.

फोनवर पुण्याच्या ऑफिसातल्या पूर्वी मॅडम होत्या. “जुनी नावंसुद्धा आपोआप आलीत. सतरावर लिहिलंय, ‘धनेशला विचार’. हे आता लागेल का हो?”

सकाळी डबा देताना बायको म्हणाली होती, “तुमच्याबिगर त्यांचं चालनार नाय.”

“नाही मॅडम,” धनेश म्हणाला. “काढून टाका.”