तिसऱ्या मजल्यावरचा एसी

कोन गावच्या तुळशीरामने शेत दिलं आणि बदल्यात विद्यापीठाची शिपाईगिरी घेतली. जिथे त्याचा भात पिकायचा तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्यात साहेब पिकतात. मीही तिथेच रसायनशास्त्र शिकवायचे, तासावर पैसे मिळणारी बाई म्हणून.

नवा साहेब नेमला की दारावर नावाची पाटी लावायचं काम तुळशीरामचं. आधी संचालक, मग सहसंचालक, मग त्या दोघांत समन्वय ठेवणारा तिसरा. तिसऱ्या मजल्यावरचे एक संचालक तर नेमल्यापासून फिरकलेच नव्हते. त्यांचा पगार मात्र चुकत नव्हता. तुळशीराम रोज सकाळी त्यांचा एसी लावायचा, टेबल पुसायचा, पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा.

"अहो, माणूसच नाही तर एसी कुणाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"आर्डर हाय, मॅडम. आमी कोन विचारनार?"

त्याची रंजिता माझ्याच वर्गात होती, दुसऱ्या वर्षाला. शेत गेलं तरी त्याच जागेवर पोरगी शिकतेय, यावरच तो माणूस तगून होता. प्रयोगशाळेतलं ॲसिड कधीच संपलं होतं. "लाल रंग आला असं समजा," मी फळ्यापाशी म्हणायचे आणि मुलं समजून घ्यायची. आधी मला लाज वाटायची. पुढे तीही वाटेनाशी झाली.

दिवाळीनंतर कळलं की पैसे नाहीत, म्हणून रसायनशास्त्र बंद. मुलांनी दुसरं कॉलेज बघावं. वर्षाच्या मध्यावर कोण घेणार होतं?

रंजिताचा अर्ज घेऊन तुळशीराम ज्यांच्या ज्यांच्या पाट्या लावल्या होत्या त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं. शेवटच्याने सांगितलं, वर्ग चालू ठेवायचा तर सही तिसऱ्या मजल्यावरच्या संचालकांची लागेल.

माझ्या शेवटच्या दिवशी मी सामान घेऊन खाली उतरत होते. तुळशीराम त्या केबिनबाहेर उभा दिसला. आत एसी चालू होता आणि पुसलेल्या टेबलावर अर्ज ठेवलेला होता.

"दादा, साहेब येणार नाहीत."

"ठाव हाय, मॅडम."

मग तो आत गेला आणि त्याने ग्लासातलं पाणी बदललं.