घंटेचं पाणी

मला देवळाच्या शेवटच्या पायरीखाली उताणं पाडलं होतं. डोकं उताराकडे, पाय वर. पाठीखाली चिखल. वरच्या पायरीवर पुजारी. त्याच्या हातात पितळेची घंटा, उलटी धरलेली, पाण्यानं भरलेली.

"तोंड उघड रे. आणि घंटेला हात लावू नकोस, विटाळ होईल."

त्यानं वरून धार सोडली. नाकात, डोळ्यांत, घशात. मी गुदमरलो, हातपाय झाडले. माझे खांदे कुणीतरी दाबून धरले होते.

तो माझा बाप होता.

आम्ही कळव्याच्या मिठागरातली माणसं. मी आठ वर्षांचा असेन. मला 'क' म्हणता येत नसे, त्याचा 'त' व्हायचा. 'ग'चा 'द' व्हायचा. होडीनं खाडी ओलांडून ठाण्याच्या शाळेत जायचो. तिथं आमची जागा ओसरीच्या खाली, चपला काढायच्या तिथं. पंतोजी वरून विचारायचे, "गाय म्हण." मी म्हणायचो, "दाय."

"दाय! तुमची दाय मीठ चाटून दूध देते का रे?"

वरची पोरं लोळायची हसून. वाटेत मागून ओरडायची, "तावळा आला, तावळा!" मी शाळेत तोंड उघडायचं बंद केलं. मग पंतोजींनी बापाला बोलावून सांगितलं, "आधी ह्याची वाचा शुद्ध करून आण. तोवर शाळेत पाठवू नकोस."

बापाला आयुष्यात एकच हवं होतं. खारट पाण्यानं त्याच्या पायांना कायमच्या भेगा पडलेल्या. पोराचे पाय तसे होऊ नयेत. म्हणून आयनं माझ्या जिभेवर वेखंड घासलं, जीभ बधिर होईपर्यंत. काही झालं नाही. मग घंटेचं पाणी. देवळातल्या घंटेतून पाणी पाजलं की पोराला वाचा फुटते, हे सगळा मुलूख मानतो. उंच जातीचं पोर गाभाऱ्याशी आईच्या मांडीवर बसून ते पाणी पितं. आमच्यासाठी पायरीखालचा चिखल.

आणि त्या दिवशी गुदमरताना माझ्या घशातून आवाज आला. "ग्ग्ग."

पुजारी ओरडला, "ऐका! देवीनं वाचा दिली!" लोकांनी हात जोडले. बापानं चिखलात कपाळ टेकलं.

त्या आवाजाखाली आमचं घर गाडलं गेलं. देवळाची लाकडं फोडायची बापानं, अंगण सारवायचं आयनं. देवीचं देणं फेडायचं म्हणून, फुकट. आणि दर जत्रेला मी पायरीखाली उताणं पडायचं, तोंडात धार घ्यायची, लोकांना 'ग' ऐकवायचा. पुजारी मला 'आमचा बोलका' म्हणायचा. जसा कुणी आपला पोपट दाखवतो.

पण घरी येऊन उभा राहिलो की पुन्हा 'द'च. देवीनं वाचा दिली तर ती उभ्या माणसाची का नाही? हे मला सुचलं आणि मी घाबरलो. तरी करून पाहिलं. मिठागराच्या बांधावर उताणा झोपलो, तोंडात विहिरीचं साधं पाणी घेतलं, गुळणी केली. आवाज आला. तोच. घंटा नव्हती, पुजारी नव्हता. वर नुसतं ऊन.

मी तोंडात बोट घालून चाचपलं. बोलताना माझी जीभ पुढं दातांकडे धावायची. उताणं झोपलं की ती मागं सरकायची आणि गुळणीनं मागचा घसा जागा व्हायचा. एवढंच होतं ते. मग पाणी कमी केलं. मग पाण्याशिवाय. मग बसून, मग उभ्यानं. आधी नुसता आवाज, मग शब्द. पुढं पाऊसकाळ गेला आणि मी उभ्यानं 'कावळा' म्हणालो. बापाला सांगितलं. त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नको रं. कोप होईल."

शाळेत शिकलेली अक्षरं मी विसरलो नव्हतो. मोठा झाल्यावर कल्याणच्या एका मित्रानं मला चोपडी दिली, पातळ कागदाची, कुणाची तरी वाचून फाटलेली. मग दुसरी, तिसरी. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असा सगळ्यांचा सूर. मी बांधावर बसून ती मोठ्यानं वाचायचो, एकेक 'क' ठणठणीत. आणि पारखायला लागलो. वाडीतल्या बोबड्या पोरांना समोर बसवलं. आधी 'त' आणि 'क' नुसते ऐकवायचे, वेगळे कळले की मग म्हणायला लावायचे. काही पोरांना आलं. एकाला मुळीच आलं नाही. त्याला ऐकायलाच कमी येत होतं. तेही मी वाडीत सांगितलं.

त्यांत माझी भाची सोनी होती, बहिणीची मुलगी, आमच्याकडे राहायला आलेली. तिचा 'ग' नुकताच फुटत होता. तेवढ्यात जत्रा आली. खडवलीहून तिचा बाप आला आणि तिला देवळाकडे घेऊन गेला. मी मागोमाग पोचलो तेव्हा ती पायरीखाली चिखलात पडली होती. डोळे गच्च मिटलेले.

पुजाऱ्यानं मला पाहिलं. "आलास? झोप तिच्या शेजारी. आधी तू दाखव, म्हणजे पोरगी भिणार नाही."

माझा बाप हात जोडून म्हणाला, "झोप रं बाबा. घटकाभराचं काम."

"नाय," मी म्हणालो. "मी उभ्यानं बोलतो. घंटेनं काही होत नाही. विहिरीच्या पाण्यानंही हेच होतं. तुमच्या घरात कुणी बोबडं असेल तर करून बघा."

"ऐकलंत? देवीनं दिलेल्या तोंडानं देवीलाच शिव्या!" पुजारी लोकांकडे वळला.

"शिव्या देत नाही. पारखा म्हणतो."

"मीठ वाहणाऱ्यानं आम्हाला पारख शिकवायची?" लोक हसले. मी सोनीला चिखलातून उचललं आणि चालू लागलो. कुणी दगड मारला. तो माझ्या बापाला लागला.

दुसऱ्या दिवशी देवळामागचं तळं, विहीर आटली की आम्ही जिथं पाणी भरायचो ते, आमच्या वाडीला बंद झालं. सोनीला तिचा बाप खडवलीला घेऊन गेला. मामानं देवी कोपवली, असा निरोप तिच्याही आधी तिथं पोचला होता. कोप काढायला तिच्या घरच्यांनी तापलेल्या सुईनं तिची जीभ डागली.

मी भेटायला गेलो. ती ओटीच्या कोपऱ्यात बसली होती. म्हटलं, "सोनी, माझ्याशी बोल ना गं." तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि मान हलवत राहिली. ती अजून बोलत नाही.

वाडी म्हणते, जा, क्षमा माग, तळं उघडेल. बापही म्हणतो. मी मागणार नाही. सुई माझ्या बोलण्यानं तापली नाही. जे पारखायला भितात त्यांनी ती तापवली.

आमच्या पडवीत आता पोरं येतात. त्यांना मी माझ्या समोर बसवतो, तोंडासमोर तोंड. उताणं झोपायचं तर आईच्या मांडीवर. ज्या उपायानं गुण येतो तो सगळ्यांना सांगतो, ज्यानं येत नाही तोही. माझा उपाय खोटा ठरला तर तोही टाकून देईन. पुजाऱ्यानं एवढं तरी करावं.

पुढच्या जत्रेला मी त्याच पायरीखाली असेन. उभा. ज्या पोराला तिथं पाडतील त्याला उचलीन. हात बांधले तर तोंड आहे. ते मी माझं मी कमावलं आहे.