एका संगणकातले आम्ही दोघे

ससाणे गेल्याचा फोन आला तेव्हा मी शनिवार पेठेतल्या आमच्या खोलीतच होतो. फोन त्यांच्या मुलीचा, ऋचाचा. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो मात्र नीट आठवतो: आता संगणकाचा मुख्य पासवर्ड कुणाच्या हाती जाणार? माणूस जाऊन दोन तास झाले नव्हते... पाच आठवड्यांनी हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला तरी मी पिशवी उलटी करून तारीख बघतो.

दिवाकर ससाणे आणि मी, दोघंही घरांचे प्लॅन काढून देणारे. वीस वर्षं एक खोली, एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. गिऱ्हाइकं मात्र ज्याची त्याची. एवढ्या वर्षांत आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर आलो नाही. सात वर्षांपूर्वी दोघांच्याही जुन्या संगणकांनी एकाच उन्हाळ्यात मान टाकली. ससाण्यांनी कुठंसं वाचून ठरवलं, की दोन साधे घेण्यापेक्षा एकच दणकट घ्यायचा आणि त्याच्या पोटात दोन वेगळे संगणक चालवायचे. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. खोकं एक, पण स्क्रीन दोन, कीबोर्ड दोन, माऊस दोन; त्यांचं मशीन अडकून पडलं तरी माझं चालू राहणार, त्यांचा पासवर्ड त्यांच्याकडे, माझा माझ्याकडे. तीन रविवार खपून त्यांनी ते जमवलं. "मध्ये भिंत आहे, शितोळे. दिसत नाही, पण पक्की आहे," ते म्हणाले. जन्मभर भिंतींच्या जाड्या कागदावर मांडलेला माणूस मी. न दिसणाऱ्या भिंतीवर माझा विश्वास बसेना. त्यातून ती बांधणारे तेच, आणि दोन्ही मशीन ज्याच्यावर उभी होती त्या मूळ संगणकाचा पासवर्डही त्यांच्याकडे. मला त्यांनी तो देऊ केला होता. मी घेतला नाही; म्हटलं, उद्या काही बिघडलं तर माझ्यावर यायचं.

मग सुरू झालं. माझा नकाशा उघडायला वेळ लागला, की मला वाटे, यांनी जास्त ताकद आपल्याकडे ठेवून घेतली. विचारलं तर म्हणायचे, निम्मं निम्मं आहे, येऊन बघा. मी जाऊन बघायचो. आकडे खरंच सारखे असायचे, आणि मला वाटायचं, दाखवण्यापुरते सारखे केले असतील. एकदा तर मी सरळच विचारलं, की तुम्ही माझ्या फायली बघता का. मान वर न करता ते म्हणाले, "तुमच्या नकाशांत चोरून बघण्यासारखं काय असतं, शितोळे?" उत्तर झोंबलं, पण त्यात 'नाही' हा शब्द नव्हता, हेही मी टिपून ठेवलं. याच माणसानं मी डेंग्यूनं पडलो होतो तेव्हा माझे दोन प्लॅन पुरे करून दिले होते, आणि त्यासाठी कात्रजला माझ्या घरी येऊन कच्चे कागद मागून नेले होते. मशीन समोर असताना एवढ्या लांब कशाला आले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

पुढे एका बंगल्यासाठी त्यांनी काढलेला जिना मला थेट माझ्या जिन्यासारखा दिसला. जिने असून असून किती प्रकारचे असणार... पण ते मला पटायला हवं ना. मी सापळा लावला. एक प्लॅन मुद्दाम चुकीचा केला. त्यातला जिना वर चढून सरळ भिंतीला टेकत होता, वर दारच नव्हतं. त्या फाईलला 'फायनल' असं नाव दिलं, म्हणजे चोर नेमकी तीच उचलणार. चार महिने ससाण्यांच्या बाजूचा प्रत्येक कागद मी तिरक्या नजरेनं बघत होतो. तो जिना काही कुठं उगवला नाही. हळूहळू मीच विसरलो, आणि एका दुपारी गिऱ्हाईक खाली खोळंबलेलं असताना 'फायनल' दिसली म्हणून तीच छापायला सोडली. "शितोळे, हा जिना भिंतीत जातोय," समोरून आवाज आला. मी ताडकन उठलो. म्हटलं, "म्हणजे बघता तर तुम्ही माझ्या फायली." ससाण्यांनी हातातला कागद नुसता वर धरला. प्रिंटर त्यांच्या बाजूला होता.

तिथल्या तिथं माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. उलट अपमान झाल्यासारखा आणखी खोलात शिरलो. ससाणे दोन बोटांनी टाइप करायचे, सावकाश, सुतारानं खिळे ठोकावेत तसे. त्यांचा पासवर्ड कळायला मला पंधरवडा पुरला. एके दिवशी ते दाढ काढून घ्यायला गेले, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसलो, ती माझ्या उंचीला खाली घेतली आणि त्यांचं मशीन उघडलं. तासभर सगळं धुंडाळलं. त्यांचे प्लॅन होते, ऋचाच्या लग्नाचे फोटो होते, आईच्या औषधांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. माझी एक रेघही नव्हती. सगळं पहिल्यासारखं बंद करून मी जागेवर आलो. ससाणे परतले, बसले, क्षणभर थांबले आणि खालचा दांडा ओढून त्यांनी खुर्ची वर केली. बोलले काही नाहीत. तोंडात कापूस आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. या गोष्टीला चार वर्षं झाली.

ससाणे गेल्यावर पंधरा दिवसांनी ऋचा खोलीवर आली. ती हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. वडिलांच्या वहीतला मुख्य पासवर्ड टाकून तिनं बराच वेळ काहीबाही तपासलं. मी जवळच उभा होतो, अर्थातच. मग ती म्हणाली, "काका, बाबांनी दोन्ही व्हर्च्युअल मशीन वेगवेगळी लॉक केलीत. मेन पासवर्ड असला तरी तुमचं काहीच दिसत नाही. तुमचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे, बाबांनाही तुमचं काही उघडता आलं नसतं." सात वर्षांचा माझा संशय तिनं सहज बोलता बोलता संपवला.

पण त्यांचंही मशीन तसंच बंद होतं. त्याचा पासवर्ड वहीत नव्हता, आणि आत एकाच्या घराचा अर्धा प्लॅन अडकला होता. तो बिचारा रोज फोन करत होता. ऋचानं विचारलं, काका, तुम्हाला काही कल्पना आहे का? मला माहीत आहे म्हणावं, तर कसा माहीत तेही सांगावं लागणार. तिच्या वडिलांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी... मी म्हणालो, "मला कसा माहीत असणार?"

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, "बाबा हॉस्पिटलमध्ये म्हणाले होते, शितोळेंना माहीत आहे, त्यांनाच विचार."

मी तिच्याकडे न बघता पासवर्ड टाकला. मशीन उघडलं. तिनं फाईल घेतली, काही विचारलं नाही, जाताना वाकून नमस्कार केला. पासवर्ड बदलायला ससाण्यांना एक मिनिट लागलं असतं. मी त्यांच्या मशीनमध्ये शिरलो हे ठाऊक असून त्यांनी चार वर्षं तो बदलला नाही. हा विश्वास होता की टोमणा, याचा मी रोज विचार करतो. ससाणे दोन्ही एकदम करू शकत. मला त्यांची माफी मागायची आहे, आणि ती आता कुणाकडे मागू हे कळत नाही.

खोली मी अजून सोडलेली नाही. सकाळी येतो, माझ्या जागेवर बसतो आणि माझा पासवर्ड टाकताना डावा हात कीबोर्डावर आडवा धरतो. समोर कोणी नसतं. तरी हात जातोच, आणि मग ससाण्यांची फार आठवण येते.